बटन स्टार्ट नंतर, आधी अर्थिंग: बेबी हिंदुस्थानच्या खेचायच्या सेल्फबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वेंगुर्ल्याच्या घरी आजोबांच्या वेळची बेबी हिंदुस्थान आहे, म्हणजे आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सच्या नावाने आलेली मॉरिस मायनर. डॅशबोर्डवर एस आणि सी लिहिलेले दोन नॉब, एस खेचला की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, लागतो आणि सी म्हणजे चोक, थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून खेचायचा. बाबांची बोटं आता आखडतात त्यामुळे एस नॉब त्यांच्याच्याने खेचला जात नाही, चोकही हल्ली जड झालाय, सेल्फ मारताना अधूनमधून जळका वास येतो, आणि तुमचा गॅरेजवाला म्हणतोय की सगळं वायरिंग उपटून गाडी निगेटिव्ह अर्थ करू, म्हणजे बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह टोक जोडू, आणि नव्या गाड्यांसारखं बटन स्टार्टचं किट बसवू. करावं का?

माझं काम ऑटो इलेक्ट्रिकचं, कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात, जुन्या जीप, अँबॅसेडर, फियाट आणि मधूनमधून लाँचची इंजिनंही. तर माझं सरळ मत, किट नको. पण बाबांना सेल्फ मारता यायला हवा ही गरज शंभर टक्के खरी आहे आणि ती भागवता येते, डॅशबोर्डला एकही भोक न पाडता. फक्त त्याआधी दुसरं एक काम आहे जे तुम्ही विचारलेलंच नाही, आणि तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते तेच, की दोन्ही नॉब एकदम जड कसे झाले.

एकटा एस जड असता तर मी म्हटलं असतं केबल गंजली, खाऱ्या हवेत आतली तार आणि बाहेरचं स्प्रिंगचं आवरण एकमेकांना धरतं, नवीन तार टाका आणि मोकळे व्हा. पण चोकही जड आणि वर जळका वास, म्हणजे बहुतेक त्या केबलींमधून सेल्फचा करंट जातोय. ऐकायला विचित्र वाटेल पण जुन्या गाड्यांत हे नेहमी सापडतं. कसं होतं बघा, इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात, त्यामुळे इंजिन बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं आणि दोघांना जोडणारी एक जाड पट्टी लागते, अर्थ स्ट्रॅप. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर तरी ओढतो, पहिल्या झटक्याला त्याहून खूप जास्त, आणि तो सगळा करंट या पट्टीतूनच बॅटरीकडे परततो. पट्टी कुजली की करंट काही थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो, आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारं आणखी धातूचं काय असतं तर चोकची केबल, अॅक्सिलरेटरची जोडणी, आणि सेल्फचा स्विच इंजिनाच्या बाजूला असेल तर त्याच्या नॉबची केबल. मग या बारीक तारा तापतात, आतलं वंगण जळतं, तार आवरणाला चिकटते आणि नॉब जड होतो. चोकच्या केबलीचं टोक कार्बोरेटरपाशी आहे तिथे बघा, आवरणाचा रंग जर तपकिरी-निळसर पडला असेल तर समजा हेच चाललंय. दुसरी खूण, सेल्फ तीन-चार वेळा मारून लगेच चोकच्या केबलीला बोट लावून बघा, जपून, कारण कधीकधी ती चांगलीच चटका देते.

आणि कोकणात ही पट्टी टिकतच नाही. ती विणलेली तांब्याची असते आणि बहुतेक खाली गिअरबॉक्सच्या बाजूला लागलेली असते, म्हणजे पावसाचं पाणी, तांबडा चिखल आणि खारी हवा तिन्ही तिलाच. वरून बघितली तर शाबूत दिसते म्हणून गॅरेजवाले पुढे जातात. ती काढून हातात घ्या आणि थंबलपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीपाशी, वाकवा. आतून हिरवी पूड गळायला लागते, आणि अर्ध्या तारा तुमच्या बोटांत तुटून येतात. शिवाय गाडी कधी नव्याने रंगवली असेल तर पेंटरने बोल्टच्या जागेवरही रंग मारलेला असतो, मग नवीन पट्टी लावूनसुद्धा ती रंगावर बसते आणि गुण येत नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हातारे मेस्त्री सेल्फची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला एकच सांगायचे, "आधी अर्थ बघ, मगे सेल्फाक गाळी घाल."

अंदाजाने नको, मोजून बघा. साधा मल्टिमीटर पुरतो. इग्निशन कॉइलला (ठिणगीसाठी वीज देते ती) किल्लीकडून येणारी वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, आणि कुणाला तरी नॉब खेचायला बसवा. पहिलं माप बॅटरीच्या दोन खुंटांवर. नुसती असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत, सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये, गेले तर आधी बॅटरी चार्ज करा नाहीतर बदला, बाकी मोजमापाला तोवर अर्थ नाही. दुसरं माप, सेल्फ फिरत असताना बॅटरीचा लाइव्ह खुंट (बॉडीला न जोडलेला) ते सेल्फच्या बोल्टचं टोक, इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे. तिसरं, बॅटरीचा अर्थ खुंट ते इंजिनची उघडी धातू, इथे पाव व्होल्टच्या आसपास. मीटरची टोकं खुंटालाच टेकवा, क्लँपला नाही, कारण पुष्कळदा दोष खुंट आणि क्लँपच्या मधेच असतो. मीटर कुठे कुठे उणे आकडा दाखवेल, तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे म्हणून, तिकडे लक्ष देऊ नका.

एवढ्या लहान आकड्यांना एवढं महत्त्व का, तर दीडशे अँपिअरला नुसता ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच खपतो आणि सव्वादोनशे वॅटची उष्णता त्या एका जोडापाशी निघते. तुमचा जळका वास तो. तिसरं माप जर एक-दोन व्होल्ट आलं तर माझ्या मते तुमचं अर्धं दुखणं सापडलं. नवीन पट्टी टाका, दोन्ही बाजूंची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस थापा. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नाही. जळलेल्या दोन्ही केबली बदला. यानंतर कदाचित बाबांना नॉब पुन्हा खेचता येईल, आणि तसं झालं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

आता किटबद्दल. बाजारात मिळणारी ही बटन स्टार्ट किटं निगेटिव्ह अर्थसाठी बनलेली असतात, म्हणून तुमचा गॅरेजवाला आधी अर्थ उलटा करायला निघालाय. अर्थ उलटा करणं अशक्य नाही. सेल्फला काही फरक पडत नाही, त्याच्या आतल्या दोन गुंडाळ्या, फील्ड आणि आर्मेचर, दोन्ही एकदम उलट्या होतात त्यामुळे तो त्याच दिशेने फिरतो. पण बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला नवीन पोलॅरिटी द्यावी लागते, कॉइलच्या एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेल्या वायरी आपसात बदलाव्या लागतात, आणि पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप जर मधे कधी नव्या पद्धतीचा, आत डायोड किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला बसवला असेल तर तो उलट्या जोडणीत जळू शकतो. एका बटनासाठी एवढा व्याप कशाला?

दुसरं म्हणजे त्या किटचा मेंदू व्होल्टेजला हळवा असतो. सेल्फ फिरताना बॅटरी दहाच्या खाली आली की काही किटं रीसेट होतात, मग सेल्फ लागतो-सुटतो लागतो-सुटतो आणि बेंडिक्सचे, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चक्र (पिनियन) इंजिनाला लावणाऱ्या यंत्रणेचे, दात खातो. तिसरं, गाडी उभी असतानाही ती थोडा करंट पीत राहतात. समजा नुसते २० मिलिअँपिअर, तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर, महिन्याला चौदा-पंधरा. तुमची गाडी गणपतीला आणि मे महिन्यात बाहेर निघणार, मधे बॅटरीचं काय होणार तुम्हीच सांगा. आणि मला सगळ्यात न पटणारी गोष्ट म्हणजे स्वस्तातल्या बऱ्याच किटांत तेच बटन दाबून इंजिन बंदही होतं. आंबोली घाट उतरताना कुणाचा गुडघा बटनाला लागला तर काय, याचं उत्तर मला अजून कुणी समाधानकारक दिलेलं नाही.

मग काय करायचं, तर एक सोलेनॉइड स्विच. जुन्या पेट्रोल गाड्यांना सेल्फपासून वेगळा, बाहेर बसणारा जो यायचा तोच, सेल्फच्या डोक्यावर बसलेला नव्हे. तुमच्या गाडीत आत्ता काय होतंय की नॉब केबलीने एक जाड स्विच दाबतो आणि सेल्फचा पूर्ण करंट त्या स्विचमधून जातो. सोलेनॉइडमध्ये तेच काम आतलं चुंबक करतं आणि त्याला उचलायला तीन-चार अँपिअर पुरतात, म्हणजे ते काम एका हलक्या बटनावर येतं. हे पाप वगैरे अजिबात नाही, खुद्द मॉरिसने १९६० च्या दशकात खेचायचा नॉब काढून किल्लीनेच सेल्फ लागेल अशी सोय याच पद्धतीने केली होती.

पण मी जुना स्विच काढायला सांगणार नाही. त्याच्या दोन जाड टोकांना सोलेनॉइडची दोन जाड टोकं समांतर जोडा, बॅटरीकडचं बॅटरीकडे आणि सेल्फकडचं सेल्फकडे. बटन दाबलं तर सोलेनॉइडने सेल्फ लागेल, नॉब खेचला तर पूर्वीसारखाच लागेल. उद्या सोलेनॉइड बिघडला तर रस्त्यात अडकणार नाही, आणि नातवाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर चार नट सोडले की झालं, एकही मूळ वायर कापलेली नसेल. नॉबच खेचायची हौस असलेले लोक नॉबच्या मागे मायक्रोस्विच बसवतात आणि त्यावर सोलेनॉइड चालवतात, तेही चांगलं आहे, पण बाबांना खेचणंच जमत नाही तर तुम्हाला त्याचा काय उपयोग.

बटन कुठे? डॅशबोर्डखाली सामान ठेवायचा जो लांब कप्पा आहे त्याच्या खालच्या बाजूला, आधीच असलेल्या एखाद्या स्क्रूत छोटी पट्टी अडकवून. बटन मोठं घ्या, अंगठ्याने किंवा तळहाताने दाबता येईल असं, साध्या मशीनच्या पॅनेलवर असतं तसं चालेल. बाबांना गाडीत बसवा आणि हात नैसर्गिकपणे कुठे जातो ते बघूनच जागा ठरवा, आपण ठरवलेली जागा त्यांच्या मनगटाला सोयीची असेलच असं नाही.

बटनाला लाइन कुठून द्यायची यात मात्र चूक नको. मूळ खेचायचा स्विच किल्लीवर अवलंबून नाही, किल्ली बंद असली तरी नॉब खेचला की सेल्फ फिरतो, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर पुढे उडी मारते. सुट्टीत घर पोरांनी भरलेलं असतं, खळ्यात, म्हणजे अंगणात, उभ्या गाडीत ती खेळणारच. नॉब निदान जड तरी आहे, बटन कुणीही दाबेल. म्हणून बटनाची लाइन किल्ली चालू केल्यावरच येणारी हवी. लुकास कंपनीच्या फ्यूज बॉक्सवर ए१ पासून ए४ पर्यंत खुणा असतात, त्यातलं ए४ म्हणजे किल्लीवरचं आणि फ्यूजच्या पुढचं टोक, तिथून घ्या आणि मधे दहा अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका. वायर दीड ते अडीच चौरस मिलीमीटर पुरे. आधी कुणी वायरिंगमध्ये हात घातला असेल तर खुणांवर विसंबू नका, टेस्ट लॅम्प लावून बघा की किल्ली बंद केल्यावर टोक खरंच मरतं का.

सोलेनॉइड घेताना दोन गोष्टी बघा. काहींची कॉइल बॉडीतूनच अर्थ घेते, काहींना त्यासाठी वेगळं टोक असतं. आपल्या हवेत वेगळ्या टोकाचा बरा, कारण बसवलेल्या जागेला दोन पावसाळ्यांत गंज आला की बॉडीवाला नुसता टकटक करतो. बॉडीवालाच मिळाला तर त्याच्या स्क्रूखालून एक स्वतंत्र अर्थ वायर इंजिनपर्यंत न्या. दुसरं, सोलेनॉइडला पॉझिटिव्ह-निगेटिव्हशी देणंघेणं नसतं पण हल्लीच्या काही सोलेनॉइड आणि रिलेंमध्ये कॉइलच्या दोन टोकांत डायोड असतो, तो पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत नेहमीसारखा जोडला तर सरळ शॉर्ट होतो आणि फ्यूज उडत राहतो. दुकानदाराला "डायोड नसलेला" असं सांगूनच घ्या, आणि त्याच्या मानेच्या हलण्यावर न जाता फ्यूज लावलेल्या वायरने कॉइल बॅटरीला क्षणभर दोन्ही दिशांनी जोडून बघा, दोन्हीकडे फ्यूज न उडता टक् करून लागला पाहिजे.

बसवायची जागा बॅटरीजवळच, म्हणजे जाड केबल आखूड राहते, पण बॅटरीच्या खाली नाही, अॅसिड गळतं. जाड केबल २५ ते ३५ चौरस मिलीमीटरची. शक्य असेल तर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, ट्रॉलर-लाँचचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा, रत्नागिरीला मिरकरवाडा बंदराकडे किंवा मालवणला. साध्या तांब्याच्या केबलीत ओल थंबलपासून आत चढते आणि इन्शुलेशनच्या खाली हातभर तार काळी पडते, बाहेरून काही कळत नाही. थंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या, हातोडीने चेपू नका, आणि वरून गोंदाची, तापवल्यावर आवळणारी श्रिंक स्लीव्ह. ही केबल फ्यूजशिवाय असते, म्हणून पत्र्याच्या भोकातून जात असेल तिथे रबरी बुश हवाच, आणि उंदरांनी कुरतडू नये म्हणून वरून नळी, कंड्यूट.

त्याच दुकानात लाँचवाले वापरतात तसा बॅटरी कटऑफ स्विचही घ्या आणि सीटवरून हात पोचेल असा लावा. सोलेनॉइडचे आतले संपर्क कधीतरी चिकटतात, मग बटन सोडलं, किल्ली काढली तरी सेल्फ फिरतच राहतो, आणि त्या वेळी बॉनेट उघडून पाना शोधायला वेळ नसतो. गाडी महिनोन् महिने उभी राहते तेव्हाही हाच स्विच बंद करून ठेवा.

सेल्फबद्दल एकच. तुमचा सेल्फ झटक्याने पिनियन फेकणारा आहे, बेंडिक्सवाला. बटन हलकं झालं की लोक पटापट दाबतात. एकदा लागून सुटला की इंजिन पूर्ण थांबेपर्यंत परत दाबायचं नाही, नाहीतर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात जातात. आणि बेंडिक्सच्या आट्यांवर ग्रीस कधीही नाही, आपली तांबडी धूळ त्यात बसते आणि पिनियन पुढे सरकतच नाही, सेल्फ नुसता घूंऽऽ करत रिकामा फिरतो. रॉकेलने धुवा, कोरडं करा, बस.

कायद्याचं विचारलंत नाही पण विचाराल. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना, नंबरमध्ये व्हीए अक्षरं, नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षं मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत. सोलेनॉइड यातल्या कशालाच हात लावत नाही. ही नोंदणी घेतली तर मात्र गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, ते बाबांशी बोलून ठरवा.

काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि कुठलाही समजूतदार वायरमन करेल, फक्त त्याला "समांतर जोड, काही कापू नकोस" हे वाक्य दोनदा सांगा. सोलेनॉइड विकत घ्यायच्या आधी ती तीन मापं घ्या आणि आकडे कळवा, सोबत चोकच्या केबलीच्या टोकाचा उजेडात काढलेला फोटो पाठवा. तिसरं माप जास्त निघालं तर सोलेनॉइड इतक्यात घेऊच नका, पट्टी बदलून पुन्हा मोजा, मग बघू.